हाऊ दोरा कोना गावना?

वेस्ता गेला ही बातमी आली तेव्हा मी नंदुरबार स्टेशनाबाहेर टांग्यावर बसून शिंका काढत होतो. खोट्या शिंका. मिरचीच्या पथारीवर कामाला जाणारी सायबू टांग्यांच्या रांगेकडं येताना दिसली. पथारी म्हणजे उघड्या माळावर लाल मिरची उन्हात पसरतात ना, ती. तिथं काम करणारं माणूस घरी झोपेतसुद्धा शिंकतं. सायबू पदरानं नाक पुसत, शिंकत येत होती आणि मला तिची नक्कल करायची हुक्की आली. बाकीचे टांगेवाले हसायला लागले, तसा मी आणखी जोरात. सायबू माझ्यापुढं येऊन उभी राहिली, माझी शिंक संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "व्हयनं का तुन्हं, भिकाभाऊ? ... वेस्ता मरी गया."

पुढची शिंक नाकातच राहिली. अजून तिथंच आहे असं वाटतं.

माझी ही गत जन्माची. आईबापांची पोरं जगत नव्हती, म्हणून नजर लागू नये यासाठी माझं नाव भिका ठेवलं. नाव इतकं लागू पडलं की नजर सोडा, माझ्याकडं कोणी धड बघितलंसुद्धा नाही. शाळा मी बाहेरनं पाहिलेली. मास्तरांना रोज टांग्यातनं दारापर्यंत सोडायचो. तेच मास्तर हे लिहून घेतायत. माझं अहिराणी बोलणं त्यांनी जरा धुऊन घेतलंय, पुण्याकडच्या लोकांना कळावं म्हणून. वेस्ताचं बोलणं मात्र तसंच राहू द्या म्हटलं. त्याला आधीच पुष्कळांनी धुतलंय.

लिहायचं कारण असं, की तो गेल्यावर काही दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. विलायतेपर्यंत जाऊन पळालेला आपल्या खानदेशचा माजी धावपटू अल्प आजारानं वारला, आणि खाली, 'अखेरपर्यंत त्यांनी मैदान सोडले नाही.' मास्तरांनी वाचून दाखवलं. मी हसलो. मग म्हटलं, परत वाचा. परत वाचलं, तेव्हा नाही हसलो... छापणाऱ्याला वाटलं असेल, काय छान वाक्य जमलं. खोटं तर एक अक्षर नाही त्यात. तीच तर तिडीक आहे.

त्याची पहिली शर्यत माझ्याशी झाली आणि ती मी हरलो. तेव्हा मी मिसरूड फुटलेला, माझी मैना नावाची घोडी तरणी. स्टेशनावरनं शेठजींना घेऊन बाजाराकडं निघालो होतो. शेठजी म्हणजे मिरचीचे मोठे व्यापारी. आजे मारवाडातनं आलेले, पण ते स्वतः आमच्यापेक्षा झणझणीत अहिराणी बोलायचे. थोडं पुढं गेलो तर मागनं आरोळी. वळून बघतो तर एक उघडा माणूस, कमरेला लंगोटी, हातात काहीतरी लांबडं, आणि जीव खाऊन आमच्यामागं पळत येतोय. शेठजी म्हणाले, "कोन शे रे?" मी म्हटलं, "डाकू!" आता बघा, दिवसाउजेडी, भर रस्त्यात, एकटा, पायी... असा डाकू असतो का? पण डोंगरातला माणूस पळताना दिसला की आम्हा गाववाल्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघतच नव्हता. मी चाबूक कडाडला. मैना उधळली. शेठजी आडवे, त्यांची पगडी माझ्या मांडीवर. आणि तो माणूस बाजूनं आला, पुढं गेला, रस्त्याच्या मधोमध वळून उभा राहिला. मैनेनं खूर रोवले. मी तिच्या पाठीवर जाऊन पडलो.

त्यानं हातातलं लांबडं दोन्ही हातांनी पुढं केलं. शेठजींची छत्री होती. स्टेशनाच्या बाकावर राहिली होती.

"भुली गयात," म्हणाला. साधा दमलेलाही नव्हता.

शेठजींनी छत्रीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "भिका," म्हणाले, "तुन्ही घोडी इकी टाक. याले जुप." सगळा रस्ता हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तेव्हा ती मस्करी होती...

तो वेस्ता. मोलगीच्याही वर डोंगरात त्याचा पाडा. डिंक आणि चारोळी विकायला खाली आला होता. शेठजींना पळण्यातलं काही कळत नव्हतं, पण माल कळायचा. त्यांनी त्याला आपल्या वखारीत ठेवून घेतलं आणि त्या थंडीत धुळ्याला जिल्ह्याच्या शर्यती होत्या, तिथं घेऊन गेले. मीही गेलो, कारण वेस्ताला जे काय थोडं बोलायचं असे ते माझ्याशी. त्याच्या घरची बोली भिली. आमची अहिराणी तो मोडकी बोलायचा, आणि मी मोडक्या माणसाशी बोलायला बरा.

शर्यत शंभर वारांची. चुन्याच्या रेघा मारलेल्या. बाकीचे पळणारे खुरप्यानं जमिनीत छोटे खड्डे करत होते, पाय रोवायला. मी वेस्ताला म्हटलं, "हाई देख, काहीतरी पेरी ऱ्हायनात वाटस." पिस्तूल वाजलं. वेस्ता अनवाणी सुटला आणि, अहो, बाकीचे जणू उभेच होते. शेठजी खुर्चीवर चढले. मी ओरडून घसा फाडला. शेवटाला दोन खांबांना एक दोरा छातीएवढ्या उंचीवर बांधलेला होता. वेस्ता त्या दोऱ्यापाशी आला... आणि थांबला. हातभर अलीकडं. पाय रोवून, हात मागं घेऊन, जसा माणूस विहिरीच्या काठावर थांबतो तसा. मागचे आले, त्याच्या दोन्ही बाजूंनी गेले, दोरा तुटला, टाळ्या झाल्या. पोटं धरधरून लोक हसले. मी तर जमिनीवर बसून हसलो. शेठजींनी छत्रीची मूठ माझ्या डोक्यात घातली तेव्हा थांबलो.

वेस्ता लाजला नव्हता की रागावला नव्हता. घाबरला होता. तुटलेल्या दोऱ्याकडं बोट करून मला हळूच विचारलं, "भिकाभाऊ, हाऊ दोरा कोना गावना शे?"

मला वाटलं येडा झाला. मग परतीच्या वाटेवर त्यानं सांगितलं. त्यांच्या डोंगरात देवी, पटकी असला रोग आला की गाव बांधतात. मंत्र घालून वाटेवर आडवा दोरा बांधायचा, या झाडापासून त्या झाडापर्यंत. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. रोग त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतो. तो लहान असताना असाच दोरा बांधलेला होता आणि कोण्या शिपायाचा घोडा तो तोडून आत गेला. हसत गेला म्हणे, साधा दोरा तर होता. मग देवी आली पाड्यात. "मन्ही बहीण व्हती, जमनी," वेस्ता म्हणाला. "मन्हा मांगे पये. मन्हाथीन जोरमा पये ती." त्याच्याहून जोरात पळायची... त्यानंतर नंदुरबार येईपर्यंत मी कोणाची नक्कल केली नाही. मला गप्प बसवणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

शेठजींनी मला त्याच्याबरोबर त्याच्या आईकडं पाठवलं. म्हणाले, तिनं परवानगी दिली तरच हा माणूस दोरा तोडेल, माझ्या सांगण्यानं नाही. मी टांग्यावर बसणारा. डोंगर चढायची माझी लायकी नाही. शेवटच्या चढावर वेस्तानं मला पाठीवर घेतलं. त्याची चाल तीच राहिली, मला मात्र धाप लागली. पाड्यावरची पोरं अजून म्हणतात म्हणे, वेस्तानं एकदा खालनं टांगेवाला आणला होता, विकायला.

म्हातारी भाकर थापत होती. सगळं ऐकून घेतलं. मग तिनं काहीतरी विचारलं आणि वेस्तानं मला उलटवून सांगितलं, "आय इच्यारस, तठे कोनी बिमार शे का?" मी म्हटलं, कोणी नाही, सगळे साहेब लोक, चांगले टुणटुणीत. म्हातारीनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, तर तो दोरा रोगाचा नसेल. पण कोणताही दोरा असो, तोडण्याआधी वाकून जमिनीला विचारायचं, हा दोरा कोण्या गावचा? आपल्या गावचा नसेल, आत आजारी कोणी नसेल, तर तोडायचा. आपल्या माणसांनी बांधलेला असेल तर मरायची वेळ आली तरी नाही.

झालं. त्या दिवसापासून वेस्ता प्रत्येक शर्यतीला खड्ड्यात पाय रोवायचा, वाकायचा, मातीला बोटं टेकायचा आणि पुटपुटायचा, "हाऊ दोरा कोना गावना? मन्हा नही." साहेबांना वाटायचं हिंदुस्थानी माणूस सूर्याची प्रार्थना करतोय. तसं विलायतेच्या पेपरातसुद्धा आलं म्हणे. म्हणू दे त्यांना सूर्याची.

त्याची तालीम माझ्या अंगणात आणि स्टेशनामागच्या माळावर झाली. पिस्तूल कुठलं आणणार? मग माझा चाबूकच पिस्तूल. मी कडाडायचो, तो सुटायचा. माळाच्या त्या टोकाला एका खांबाला दोरा बांधलेला आणि दुसरं टोक शेठजींच्या गड्याच्या हातात. एकदा गडी आला नाही म्हणून मी चाबूक वाजवून टांग्यातनं पुढं धावलो आणि दोरा हातात धरला. सैल सुटू नये म्हणून बोटाला चार वेढे घेतले. अक्कल बघा माझी. वेस्ता छातीनं दोरा घेऊन गेला आणि त्याच्यामागं मीही गेलो, पालथा. हे बोट अजून सरळ होत नाही. लोकांना सांगतो, विलायतेला जाणाऱ्या माणसाला मी बोट धरून शिकवलं.

मग मुंबई, मग बोट, मग विलायत. तीनदा गेला तो समुद्रापलीकडं. जाताना स्वतःचं खुरपं घेऊन जायचा, खड्डे करायला. तिकडच्या खुरप्याला मूठ नीट नसते म्हणायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा सगळं गाव स्टेशनावर. बँड लावला होता. ज्यांनी त्याला आधी ओट्यावर बसू दिलं नसतं त्यांनी हार घातले. मी गर्दीत मागं उभा राहून चाबूक कडाडला, त्याला कळावं म्हणून. त्याला कळलं, डब्याच्या दारात तो दचकून असा वाकला की पडतच होता. घोडीलाही कळलं. ती टांगा घेऊन रिकामीच निघून गेली. मला ती दुपारी बाजारात सापडली.

तिकडं सगळ्यात मोठ्या शर्यतीत तो चौथा आला. दुसऱ्या एका शहरात पहिला आला, तिथला दोरा त्याच्या छातीनं तुटला. लोकरीचा होता, पांढरा. त्याचा तुकडा तो घेऊन आला आणि आईला दिला. म्हातारीनं तो शेळीच्या गळ्यात बांधला. पण गावात चर्चा फक्त चौथ्या नंबराची. "चौथाच उना का?" पानाच्या दुकानावर हेच. मी म्हणायचो, बाबांनो, सगळ्या जगात त्याच्यापुढं तीनच माणसं आहेत. तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही, आणि पुढं काय झालं बघा: जगात त्याच्यापुढं तीन माणसं होती, नंदुरबारात त्याच्यापुढं सगळं गाव निघून गेलं.

तिसऱ्या खेपेला पळता पळता त्याच्या मांडीची शीर तुटली. लंगडत उतरला गाडीतनं. तेव्हाही सत्कार झाला, तेवढं कबूल केलं पाहिजे. गावातल्या मोठ्या लोकांनी कमिटी केली होती. अध्यक्षसाहेब लांबलचक बोलले. शेवटी म्हणाले, वेस्ता, गावाकडं काय मागतोस ते माग. त्याला उभं केलं. हारांमुळं त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. तो म्हणाला, "स्टेशनना मांगेना माळ द्या. पोरे मी लयसू." एवढंच. डोंगरातली पोरं आणीन, पळायला शिकवीन. अध्यक्षसाहेबांनी टेबलावर हात मारला, "दिला!" टाळ्या झाल्या. माझ्याइतक्या कोणी वाजवल्या नसतील.

त्याला दुसरं काही नको होतं हो. नोकरी नाही, शेत नाही. माळाच्या कडेला झोपडी घातली आणि एका पायानं लंगडत त्यानं तो माळ वेचला. एकेक दगड. मी टांगा घेऊन जायचो दगड टाकायला. मैनेला वाटायचं आता मी बांधकामवाला झालो. दगड संपले तेव्हा तो डोंगरात गेला आणि पोरं घेऊन आला. पोरीसुद्धा दोन होत्या. त्यातली एक सगळ्यांच्या पुढं पळायची. तिला बघताना तो हसायचा नाही, नुसता बघत राहायचा, आणि ती दोऱ्यापाशी यायला लागली की त्याचे ओठ हलायचे... दोरा तुटला की मगच श्वास सोडायचा. एक हिवाळा असा गेला. माझा चाबूक, त्याची पोरं. माझ्या आयुष्यात मी उपयोगाचा माणूस होतो असा तेवढा एक हिवाळा.

पुढच्या दिवाळीनंतर मिरची अफाट आली. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. एका सकाळी माळाच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना सुतळी बांधलेली, छातीएवढ्या उंचीवर. आत लाल पथारी. कमिटीनं जागा मिरचीला भाड्यानं दिली होती. या एका हंगामापुरती, असं म्हणाले.

वेस्ता सुतळीपाशी उभा होता. हातभर अलीकडं. मी टांग्यातनं उडी मारली, म्हटलं, "तोड ना रे! काय बघस? सुतळी तं शे!" तो वाकला. जमिनीला बोटं टेकली. बराच वेळ तसाच होता. मग उठला आणि म्हणाला, "हाऊ दोरा आपला गावना शे, भिकाभाऊ."

मला इतका राग आला की मीच सुतळीखालनं आत घुसलो. म्हटलं, आडवा झोपतो पथारीवर, बघू कोण मिरची पसरतं. झोपलो. पुढचं सांगायला लाज वाटते. सदरा घामानं भिजला होता... मी तिथनं जो सुटलो तो थेट हौदात. गावातली बायामाणसं आठवडाभर माझ्या टांग्यात बसायला येताना विचारायची, "भिका, गादी तं नही ना तिखट?" वेस्तासाठी लढलो ती माझी पहिली लढाई.

दुसरी कमिटीपुढं. मास्तरांनी मला काय बोलायचं ते पाठ करून दिलं होतं. वेस्ता बोलणारा नाही, म्हणून मी. खुर्च्यांवर सगळे बसलेले, अध्यक्षसाहेब मधोमध. म्हणाले, बोला. मी उभा राहिलो आणि सवयीनं तोंडातनं निघालं, "या साहेब, बसा, कुठं सोडू?" जे हसले, जे हसले... मीही हसलो. काय करणार? त्या हसण्यात माझं पाठ केलेलं सगळं वाहून गेलं. अध्यक्षसाहेब डोळे पुसत म्हणाले, "भिका, तू म्हणजे गावाची करमणूक आहेस. वेस्ताला सांग, पुढच्या वर्षी बघू." बाहेर वेस्ता पायरीवर बसला होता. आतलं हसणं त्याला ऐकू आलं होतं. त्याला वाटलं मैदान मिळालं. हसत उठला, "दिनं?"... त्या वेळचं त्याचं तोंड मला कोणी पुसून द्यावं.

शेठजींकडं गेलो. ती पथारी त्यांचीच. ते म्हणाले, "जागा कमिटीनी शे, भिका. मी नही लिनी तं दुसरा ली." खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या टांग्यात बसले की म्हणायचे, "दुसरा रस्ताथून घे." मरेपर्यंत ते त्या माळावरनं गेले नाहीत. हे त्यांच्या बाजूनं बोलतो, कारण बाकीचे तर रोज तिथूनच जायचे.

पोरं परत डोंगरात गेली. ती पुढं पळणारी पोरगी म्हसावदकडं कुठंतरी दिली म्हणे, शेतात मजुरी करते. आणि वेस्ता? त्यानं झोपडी सोडली नाही. दोरा तोडायचा नाही, पण आत तर जायचं. मग तो पथारीवर मजूर म्हणून लागला. सकाळी मुकादम सुतळी सोडायचा आणि हे लोक आत जायचे, लाकडी दाताळ्यानं मिरची वरखाली करायला. ज्या जागी त्यानं पोरांसाठी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या त्या जागी तो मिरच्या फिरवायचा. बाहेरगावची माणसं आली की लोक बोट दाखवायचे, तो बघा, विलायतेला पळालेला. एकदा ऐन हंगामात अवकाळी ढग आले. सगळे मजूर ताडपत्र्यांकडं धावले. वेस्ता लंगडत सगळ्यांच्या पुढं! मुकादम खूश होऊन ओरडला, "अरे, याले म्हंतस पयनं!" मी रस्त्यावर टांगा थांबवून बघत होतो. मला शेठजींचा तो शब्द आठवला, 'याले जुप'. घोडीला मी कधी खोकला होईल तिथं जुंपलं नव्हतं.

एक हंगाम म्हणाले, तो संपलाच नाही. मग लढाई लागली. लढाईनंतर बघू म्हणाले. विलायतेतली लढाई आणि स्टेशनामागचा माळ यांचा काय संबंध, ते मला अडाण्याला काय कळणार. तोवर त्याची छाती गेली होती. जिच्यानं दोरे तोडले ती छाती. मिरचीची धूळ आत जाऊन जाऊन असा खोकायचा की माझ्या घोड्या कान टवकारायच्या. मी म्हणायचो, "सोडी दे रे हाई काम, ये मन्हा घर." तो म्हणायचा, "आतमा ऱ्हावानं तं मिरची व्हईसनच ऱ्हानं पडस." आत राहायचं तर मिरची होऊनच. आणि हसायचा. चांगला विनोद माझ्यापेक्षा तोच करायचा, फक्त त्याला कोणी टाळ्या दिल्या नाहीत.

शेवटचा भेटलो ते त्याच्या झोपडीत. उताणा पडून होता. उशाशी ते खुरपं. मला म्हणाला, "भिकाभाऊ, चाबूक लयना का?" मी म्हटलं, बाहेर टांग्यात आहे. "वाजाड ना." मी म्हटलं, "गप पडी ऱ्हाय. तू उठीसन पयना तं मन्ही घोडी लाजी." आणि नाही वाजवला. मला वाटलं, दचकेल. उद्या वाजवू म्हटलं... चार ओळींत लिहिलंय ना, अल्प आजार. तो आजार बरीच वर्षं चालला होता, गावासमोर, उन्हात पसरून.

प्रेत न्यायला मजूरच होते, आणि डोंगरातनं त्याच्याकडं पळायला आलेली त्यातली काही पोरं, आता बाप्ये झालेली. नदीकडं जायला सरळ वाट माळातनं. तिरडी उचलली, निघालो, आणि सुतळीपाशी आलो. सकाळची वेळ, मुकादम यायचा होता, सुतळी बांधलेली. तिरडी खांद्यावर घेऊन पुढचे दोघं थांबले. हातभर अलीकडं. मी म्हटलं, "तोडा रे. आते तरी तोडा." पुढं जो खांदेकरी होता, त्याच पोरांतला, तो मान न वळवता म्हणाला, "भिकाभाऊ, त्यानी हाऊ दोरा कधी तोडा नही. आम्ही कसा तोडूत?" आणि ते वळले. माळाला वळसा घालून, सगळ्या गावाला दिसत, लांबच्या वाटेनं नेलं त्याला. ज्याला शर्यतीत शंभर वारांच्या पलीकडं पळायची कधी गरज पडली नाही, त्याला. कमिटीतलं कोणी नव्हतं. पेपरवालाही नव्हता.

पेपरात खरंच लिहिलंय, त्यानं मैदान सोडलं नाही. मैदानानं त्याला सोडलं, एवढंच छापायचं राहिलं.

त्याचं खुरपं मी घेऊन आलो. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही, नुसतं टांग्याच्या बैठकीखाली असतं. पण एक खोड लागलीय मला. संध्याकाळी टांगा सोडला की अंगणातल्या कडुलिंबापासून फाटकाच्या खांबापर्यंत एक दोरा बांधतो. साधा, गोधडी शिवायचा. बायको म्हणते, भिका येडा झाला. माझ्याबद्दल तिनं हे पहिल्यांदाच म्हटलेलं नाही. सकाळी टांगा जुंपतो. मैना कधीच गेली. आता तिची लेक आहे, तीही म्हातारी. बसायच्या आधी मी खाली वाकतो, मातीला बोटं लावतो आणि विचारतो. मग चाबूक कडाडतो. म्हातारी घोडी सावकाश, मान हलवत, फाटकाशी येते आणि छातीनं दोरा तोडून रस्त्याला लागते. तिची आई हरली होती वेस्ताकडून. लेक रोज पहिली येते. दुसरं कोणी पळतच नाही.